अमेरिकेत आपल्यावर गुन्हा घडला तर: स्थलांतरित मराठी कुटुंबांनी काय करावे

अमेरिकेत नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा मुलांकडे राहायला आलेल्या आपल्या माणसांवर चोरी, मारहाण, फसवणूक किंवा घरगुती अत्याचाराचा प्रसंग ओढवतो, तेव्हा पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो तो व्हिसाचा. पोलिसांकडे गेलो तर ग्रीन कार्डाच्या अर्जाला बाधा येईल का, कंपनीला कळेल का, ओळखीपाळखीत बोभाटा होईल का, या प्रश्नांपायी तक्रार आधी लांबणीवर पडते आणि मग राहूनच जाते. म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट आरंभीच सांगतो. तक्रारदार म्हणून पोलिसांच्या कागदावर नाव येणे हा व्हिसावरचा डाग नव्हे. पुढे विमा, पासपोर्ट, नुकसानभरपाई, संरक्षण आदेश (अत्याचार करणाऱ्याला दूर ठेवणारा न्यायालयाचा हुकूम) किंवा व्हिसा यांपैकी कशाचीही वेळ आली, तर पहिल्या दिवसाचा तोच कागद सगळीकडे मागितला जातो, आणि तो नसला की खरी बाजूही लंगडी पडते.

ज्यांच्या व्हिसाची मुदत संपून गेली आहे त्यांच्यासाठी मात्र वेगळी सूचना आवश्यक आहे. २०२५ च्या आरंभापासून स्थलांतरविषयक कायद्याची अंमलबजावणी कडक झालेली असल्यामुळे त्यांनी जिवावर बेतले असताना फोन करण्यात कसूर करू नये, पण तातडीची वेळ टळल्यावर पुढचे प्रत्येक पाऊल स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारूनच टाकावे.

पहिला तास

९११ या अमेरिकेतील तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर बोलताना पहिले वाक्य पत्त्याचे असावे. मोबाइलवरून केलेल्या फोनचे ठिकाण यंत्रणेला नेमके कळतेच असे नाही, त्यामुळे मोठ्या अपार्टमेंट संकुलात राहणाऱ्यांनी इमारतीचा आणि घराचा क्रमांकही सांगावा. घाबरल्यामुळे इंग्रजी सुचत नसेल, किंवा घरी एकटे असलेले आई-वडील फोन करत असतील, तर ‘मराठी इंटरप्रिटर’ किंवा ‘हिंदी इंटरप्रिटर’ एवढे म्हणणे पुरते, कारण फोनवरच दुभाषा जोडून घेण्याची सोय बहुतेक केंद्रांत असते. हिंदी दुभाषा सहसा लवकर मिळतो आणि मराठी दुभाष्याला वेळ लागू शकतो; तेव्हा संकटाच्या क्षणी हिंदी चालवून घ्यावी, पण नंतर सविस्तर जबाब देताना ज्या भाषेत आपल्याला बारकावे सांगता येतात त्याच भाषेचा आग्रह धरावा. तो संकोचाचा विषय नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या पोलिस खात्यांनी आणि रुग्णालयांनी भाषेच्या अडचणीमुळे कोणालाही सेवेबाहेर ठेवू नये, अशी अपेक्षा आहे.

जखम झाली असेल तर विम्याचा विचार न करता इमर्जन्सी विभागात जावे. १९८६ च्या कायद्याने अशा विभागांवर रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन घातले आहे, मग त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत. लैंगिक अत्याचार झाला असल्यास न्यायवैद्यकीय तपासणी मोफत होते आणि त्यासाठी पोलिसांत तक्रार केलेलीच असली पाहिजे अशी अट नसते. मात्र पुरावा टिकावा म्हणून तपासणीपूर्वी शक्यतो अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत तपासणी व्हावी.

पोलिस आल्यावर घटना घडली त्या क्रमाने सांगावी, आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असे स्पष्ट म्हणावे, आणि अधिकारी निघण्यापूर्वी त्याचे नाव, बॅज क्रमांक व रिपोर्टचा क्रमांक लिहून घ्यावा. तक्रारदाराच्या व्हिसाची चौकशी करण्याचे कारण स्थानिक पोलिसांना सहसा नसते. न्यू जर्सीत तर २०१८ पासून राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या आदेशानेच त्यावर बंधने आहेत. इतर राज्यांत नियम वेगळे असू शकतात. कोणी विचारलेच, तर ‘याविषयी मी वकिलाशी बोलून सांगेन’ असे म्हणता येते, पण खोटे कधीही सांगू नये. आपण अमेरिकन नागरिक आहोत असा खोटा दावा तर अजिबात करू नये, कारण त्या एका वाक्यामुळे भविष्यातील सर्व मार्ग बंद होऊ शकतात.

घरातील सोने चोरीला गेल्यास

भारतीय घरांत सोने असते, हे अमेरिकेतील चोरांनाही चांगले ठाऊक आहे, आणि त्यासाठी हेरून आपली घरे फोडल्याचे प्रकार अनेक राज्यांत घडलेले आहेत. अलीकडे आणखी एक पद्धत दिसते: सकाळी फिरायला निघालेल्या वयस्कर जोडप्याजवळ गाडी थांबते, आतली बाई पत्ता विचारते, आशीर्वाद मागते, गळ्यात पडून नकली माळ घालते आणि त्याच हाताने मंगळसूत्र काढून घेते. आईच्या हे लक्षात येते ते घरी आल्यावर.

अशा वेळी तक्रारीत ‘सोन्याचा एक नेकलेस’ एवढीच नोंद झाली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही. अधिकाऱ्याने आयुष्यात ठुशी पाहिलेली नसते. त्याला सांगावे लागते की, गळ्यालगत बसणारी, बारीक मण्यांची घट्ट गुंफलेली, मागे गोंड्याची दोरी असलेली ही माळ आहे, ती २२ कॅरेटची आहे आणि तिचे वजन इतके ग्रॅम आहे. तोळ्याचा हिशेब तिथे कोणाला कळत नाही, म्हणून ११.६६ ग्रॅमने गुणून ग्रॅममध्येच आकडा द्यावा. सराफाची पावती भारतात असेल तर तिचा फोटो मागवून घ्यावा, आणि पावती नसेल तर लग्नाच्या किंवा बारशाच्या फोटोतला दागिना ठळक करून रिपोर्टला जोडावा. हा तपशील महत्त्वाचा अशासाठी की, तारण दुकानांत आलेल्या मालाच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी पोलिसांना संगणकावर पाहता येतात आणि ती जुळणी वर्णनावरूनच होते. विम्याच्या बाबतीत आधीच सावध राहणे बरे, कारण घराच्या सर्वसाधारण विम्यात दागिन्यांच्या चोरीची मर्यादा पुष्कळदा १,५०० डॉलरच्या आसपास असते. त्यात आजच्या भावाने दोन तोळ्यांची एक पाटलीसुद्धा बसत नाही. दागिन्यांची वेगळी नोंद करून जादा हप्ता भरण्याची सोय जवळपास प्रत्येक विमा कंपनीकडे असते, आणि ती चोरीपूर्वीच करावी लागते.

पासपोर्ट गेला असेल तर त्याच रिपोर्टच्या आधारे भारतीय वकिलातीकडे नव्या पासपोर्टचा अर्ज करावा. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रत सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. चोरी आई-वडिलांची झाली असेल आणि त्यांचे परतीचे तिकीट जवळ आले असेल, तर निघण्यापूर्वी त्यांचा सविस्तर जबाब नोंदवून घ्यावा आणि भारतातील संपर्क तपास अधिकाऱ्याला द्यावा. फिर्यादी निघून गेला की खटला ढिला पडतो.

मारहाण घरातच होत असेल तर

याविषयी मी अधिक सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या समाजात सर्वांत जास्त दडपला जाणारा गुन्हा हाच आहे असे माझे मत आहे. एच-४ व्हिसावर आलेल्या स्त्रीचा येथील मुक्काम नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असतो. बँकेचे खाते, गाडी, फोनची जोडणी बहुधा त्याच्या नावावर असते, आणि ‘तुला उद्याच्या विमानाने परत पाठवीन’ ही धमकी तिला खरी वाटते. ती खरी नाही. व्हिसा रद्द करण्याचा किंवा कोणाला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार नवऱ्याला नसतो.

पोलिस दारात आल्यावर काय घडते, ते नीट समजून घेतले पाहिजे. नवरा अनेक वर्षे अमेरिकन कार्यालयात वावरलेला असतो. तो शांतपणे, सफाईदार इंग्रजीत सांगतो की, पत्नीची मनःस्थिती ठीक नाही. पत्नी ओट्यापाशी रडत उभी असते आणि तिचे अर्धे बोलणे हिंदीत असते. गळा दाबल्याच्या खुणा उमटायला कित्येकदा तास जातात, आणि कधी त्या दिसतही नाहीत. पण सुटण्यासाठी तिने धडपड करताना त्याच्या हातावर उठलेले ओरखडे मात्र अधिकाऱ्याला लगेच दिसतात. अनेक राज्यांत अशा तक्रारीत पुरावा दिसला की अटक करणे पोलिसांवर बंधनकारक असते, आणि त्यामुळे तिलाच किंवा दोघांनाही अटक झाल्याची उदाहरणे आहेत. तक्रारीने व्हिसाला धक्का लागत नसला तरी अटकेने लागू शकतो, म्हणून हा धोका गांभीर्याने घ्यावा. तिने स्वतंत्र खोलीत बोलण्याची आणि दुभाष्याची मागणी करावी. नवरा, सासू किंवा मुलगा यांच्यापैकी कोणालाही दुभाष्याचे काम करू देऊ नये. गळा दाबला असेल तर ते वाक्य सर्वांत आधी सांगावे, श्वास अडकला का, गिळताना दुखते का, हेही सांगावे, आणि त्याच रात्री डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण बहुतेक राज्यांत गळा दाबणे हा साध्या मारहाणीपेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा मानला जातो आणि आतील इजा उशिरा जीवघेणी ठरू शकते.

न्यायालयातून संरक्षण आदेश मिळवण्यासाठी व्हिसाची अट नसते. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर पत्नीला त्याच्या सहीविना ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा स्वतःचा आय-३६० अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क नाही. घटस्फोट झालेला असल्यास दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो. नवरा एच-१बी वर असेल तर ही वाट उपलब्ध नसते, पण अत्याचारग्रस्त एच-४ जोडीदाराला आय-७६५व्ही या अर्जाने काम करण्याचा परवाना मागता येतो. ही तरतूद आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक आहे. या अर्जांची माहिती अत्याचार करणाऱ्याला न कळवण्याचे आणि केवळ त्याच्या सांगण्यावरून अर्जदाराविरुद्ध निर्णय न घेण्याचे बंधन कायद्याने स्थलांतर खात्यावर आहे. एका बाबतीत मात्र घाई करू नये: घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा निघताच एच-४ दर्जा संपतो, त्यामुळे त्या कागदांवर सही करण्यापूर्वी कौटुंबिक आणि स्थलांतर, अशा दोन्ही कायद्यांच्या जाणकारांना भेटावे.

घराबाहेर पडण्याआधी कोणाशी तरी बोलावेसे वाटते, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय घरगुती हिंसाचार मदतवाहिनीचा क्रमांक १-८००-७९९-७२३३ असून तिथेही दुभाषा मिळतो. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांत न्यू जर्सीतील मानवी ही १९८५ पासूनची, सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. न्यूयॉर्कमध्ये सखी, शिकागोत अपना घर, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात मैत्री आणि नारिका, ह्यूस्टनमध्ये दया, अटलांटात रक्षा या संस्था आहेत. घर सोडू नये असे कुंकू लावणाऱ्या बाईला का वाटते, माहेरचे लोक काय म्हणतील, हे तिथे समजावून सांगावे लागत नाही. फोन नवऱ्याच्या खात्यावर असेल तर मैत्रिणीच्या किंवा ग्रंथालयातल्या फोनवरून संपर्क साधावा. अत्याचार पुरुषावर होत असेल, तरी वरील सर्व कायदेशीर उपाय त्यालाही तितकेच लागू आहेत.

फोनवरील तोतये

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या लोकांना लुबाडण्याचा प्रचंड उद्योग उघडकीस आला. अटक होईल, देशाबाहेर काढले जाईल, अशी भीती घालण्यात येत असे, आणि बळी पडणाऱ्यांत नवे स्थलांतरित आणि वयस्कर माणसे होती. पद्धत आजही तीच आहे, फक्त आता कधी स्थलांतर खात्याचे, कधी भारतीय वकिलातीचे नाव घेतात, आणि फोनच्या पडद्यावर क्रमांकही त्याच कार्यालयाचा दिसतो. कोणतेही सरकारी कार्यालय फोन करून गिफ्ट कार्डावर किंवा क्रिप्टोत पैसे मागत नाही, आणि फोन न ठेवता बँकेत जायला सांगत नाही. फोन बंद करावा आणि अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. पैसे गेलेच असतील, तर प्रत्येक तास मोलाचा असतो: प्रथम बँकेला किंवा कार्ड देणाऱ्या कंपनीला, मग एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राला कळवावे. सोशल सिक्युरिटी क्रमांक सांगितला गेला असल्यास इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवावे, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणे अवघड होते. २०१८ पासून त्यासाठी पैसे पडत नाहीत.

द्वेषातून झालेला हल्ला

२२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातील ओलेथे येथे श्रीनिवास कुचीभोतला या अभियंत्याची एका बारमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. गोळीबाराआधी हल्लेखोराने त्यांच्या मूळ देशावरून काढलेले उद्गार हा या प्रकरणातला महत्त्वाचा पुरावा ठरला आणि पुढे केंद्रीय न्यायालयातही तो द्वेषमूलक गुन्ह्यासाठी दोषी ठरला. म्हणून अशा प्रसंगी हल्लेखोर काय बोलला, ते जसेच्या तसे, शिवीसकट, त्याच रात्री लिहून काढावे आणि रिपोर्टमध्ये आले आहे ना ते पाहावे. ‘काहीतरी वांशिक बोलला’ अशा मोघम नोंदीवर पुढे खटला उभा राहणे कठीण जाते. त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट समोर आली: पतीच्या मृत्यूबरोबर सुनयना दुमाला यांचा त्याच्यावर अवलंबून असलेला व्हिसाही संपुष्टात आला आणि अंत्यसंस्कारासाठी भारतात गेल्यावर परत कसे यायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांच्या मतदारसंघाच्या खासदाराने त्यात लक्ष घातले. कुटुंबावर असा घाला पडल्यास शोक आवरून का होईना, देश सोडण्यापूर्वी वकिलाचा आणि स्थानिक खासदाराच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा, कारण एकदा बाहेर पडल्यावर परतीचा व्हिसा मिळवणे अवघड होऊन बसते.

यू व्हिसा आणि नुकसानभरपाई

गंभीर गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी अमेरिकन काँग्रेसने २००० साली यू व्हिसाची तरतूद केली. घरगुती हिंसाचार, लैंगिक अत्याचार, अपहरण, खंडणी, गंभीर मारहाण, वेठबिगारी, परदेशी कामगारांना नोकरीच्या नावाखाली फसवणे असे गुन्हे यादीत आहेत. साधी चोरी नाही. खून झालेल्या व्यक्तीचे पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील मुले यांनाही अप्रत्यक्ष बळी म्हणून अर्ज करता येतो. आय-९१८ या अर्जाला शुल्क नसले, तरी त्यासोबत पोलिस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांच्या सहीचे प्रमाणपत्र लागते आणि सहीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पोहोचावा लागतो. दरवर्षी मूळ अर्जदारांना १०,००० च व्हिसे मिळत असल्याने वर्षानुवर्षे थांबावे लागते. प्राथमिक छाननीत अर्ज खरा आढळल्यास मधल्या काळात कामाचा परवाना मिळू शकतो. हा व्हिसा मिळावा म्हणून दुकानांत बनावट दरोडे घडवून आणल्याचे खटले मॅसॅच्युसेट्स आणि शिकागोत भारतीयांवर झाले आहेत, म्हणून असा ‘बंदोबस्त’ करून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या माणसापासून दूरच राहावे.

नुकसानभरपाईचा निधी प्रत्येक राज्यात असतो. उपचार, समुपदेशन, बुडालेला पगार आणि अंत्यविधी यांचा खर्च त्यातून मिळू शकतो, आणि बहुतेक राज्यांत त्यासाठी नागरिकत्व पाहिले जात नाही. मात्र मुदत राज्यागणिक वेगळी असते. सरकारी वकिलाच्या कार्यालयात पीडितांना मदत करणारा कर्मचारी असतो. त्याला पहिल्याच आठवड्यात भेटावे: भरपाईचा अर्ज, सुनावणीच्या तारखा, न्यायालयातील दुभाषा आणि शिक्षेपूर्वी न्यायाधीशांसमोर आपली हकिगत मांडण्याची संधी, ही सर्व कामे त्याच्यामार्फत होतात.

भारतातील आई-वडिलांसाठी

मुलीचा फोन अचानक बंद झाला, किंवा बोलता बोलता किंकाळी ऐकू आली, तर पुण्याहून किंवा नागपूरहून ९११ फिरवून अमेरिकेतील पोलिस मिळत नाहीत. तिच्या गावाच्या पोलिस खात्याचा दहा आकडी क्रमांक आधीच शोधून, अमेरिकेचा १ हा देशक्रमांक जोडून, घरातील दोघा-तिघांच्या फोनमध्ये साठवून ठेवावा. त्या क्रमांकावर ‘वेलफेअर चेक’ हे दोन शब्द सांगून तिचे नाव, पूर्ण पत्ता आणि काळजीचे कारण सांगितले की, पोलिस घरी जाऊन ती सुखरूप आहे का ते पाहून येतात. पैशांची किंवा कायदेशीर मदतीची निकड असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. अडचणीतील भारतीयांसाठी वकिलातींकडे २००९ पासून समाजकल्याण निधी आहे आणि गरजू व्यक्तीला प्राथमिक कायदेशीर मदत, तात्पुरता निवारा किंवा परतीचे तिकीट त्यातून मिळू शकते. मुलगी छळामुळे माहेरी परतली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निर्णयानुसार तिला सासरच्या छळाची फिर्याद माहेरच्या पोलिस ठाण्यातही देता येते. अमेरिकेतील रिपोर्ट, रुग्णालयाचे कागद आणि संरक्षण आदेशाची प्रमाणित प्रत तिने येताना बरोबर आणावी, कारण इथून पत्रव्यवहार करून ते मिळवण्यात महिने जातात.